इट्राकोनॅझोल १००, एसबी ६५, एसबी १३०: आकडे वेगळे, मग रक्तात पोचतं किती?

औषधपेटी

नमस्कार मंडळी. काउंटरवर रोज पडणारा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर मांडतो.

जांघेतल्या किंवा कमरेच्या नायट्यासाठी चिठ्ठी येते: इट्राकोनॅझोल (बुरशीवरचं औषध) २०० मिग्रॅ, रोज एकदा, ४ आठवडे. त्याखाली सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल ४० (जठरातलं आम्ल कमी करणारं) आणि डॉम्पेरिडोन (मळमळीवरचं) यांची एकत्र कॅप्सूल. इट्राकोनॅझोल साधं द्यायचं की एसबी (सुपर-बायोअव्हेलेबल, म्हणजे जास्त शोषलं जाणारं रूप), याचा उल्लेखच नसतो. फळीवर मात्र साधी १०० आणि २००, शिवाय एसबी ५०, ६५, १०० आणि १३० असे सगळे डबे असतात. माल संपला की एकाऐवजी दुसरं दिलं जातं, आणि ६५ चा आकडा बघून पेशंट विचारतो, "कमी पॉवरची का दिली?"

६५ म्हणजे साधी १०० आणि १३० म्हणजे साधी २००, एवढं ठाऊक आहे. पण असं का होतं, आणि ते नेहमीच खरं असतं का? साधी कॅप्सूल जेवणानंतर घ्यायची आणि पातळ औषध उपाशीपोटी, हे उलटसुलट कसं? पॅन्टोप्राझोल सकाळी आणि इट्राकोनॅझोल रात्री दिलं तर भागेल का? आणि पोसाकोनॅझोल या बुरशीवरच्या दुसऱ्या औषधालाही हेच नियम लावायचे का?

विद्राव्य

सगळं गाडं विरघळण्यावर अडतं, त्यामुळे सुरुवात तिथूनच करू.

इट्राकोनॅझोल हा अतिशय तेलकट स्वभावाचा, क्षीण आम्लारी पदार्थ आहे. त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्मा भाग आयनीभूत होतो तो आकडा) ३.७ च्या आसपास. पीएच १ च्या आम्लात १ मिलीमध्ये ४ ते ५ मायक्रोग्रॅम विरघळतं. आतड्याच्या उदासीन पीएचला तेच १ नॅनोग्रॅमच्या घरात येतं. आता १०० मिग्रॅची स्फटिक पावडर २५० मिली जठररसात टाकली असं धरा. फार तर सव्वा मिलिग्रॅम विरघळेल, बाकीची तशीच शौचावाटे जाईल. म्हणून या औषधाची नुसती पावडर भरलेली कॅप्सूल उपयोगाचीच नाही.

साध्या कॅप्सूलमध्ये जे दाणे दिसतात ते साखरेचे बारीक गोळे असतात. त्यांच्यावर औषध आणि हायप्रोमेलोज हा पॉलिमर यांचा थर फवारून वाळवलेला असतो. या थरात औषध स्फटिक नसतं, अमॉर्फस (स्फटिकाची ठरावीक रचना नसलेलं) असतं. जठरातल्या आम्लात थर सुटला की काही काळ एरवीपेक्षा कितीतरी जास्त औषध द्रावणात टिकून राहतं. हे अतिसंपृक्त द्रावण आतड्यात उतरल्यावर औषधाचा साका बसायच्या आत जेवढं शोषलं गेलं, तेवढंच आपलं. आम्ल नसेल तर थर नीट सुटतच नाही. जेवण झालेलं असेल तर कॅप्सूल जठरात जास्त वेळ थांबते, आम्ल स्रवतं आणि पुढे पित्त मदतीला येतं. साधी कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची ती यासाठी.

दाण्यांचा दर्जा हा वेगळाच विषय आहे आणि आपल्याकडे तो फार महत्त्वाचा आहे. थर जाड बसवून कमी दाण्यांत १०० मिग्रॅ भरता येतात. पण दाणे मोठे आणि कमी असले की एकूण पृष्ठभाग घटतो आणि थर हळू सुटतो. पॉलिमर कमी पडला किंवा माल दमट जागी राहिला तर अमॉर्फस औषध पुन्हा स्फटिक होऊ लागतं. रासायनिक तपासणीत मिलिग्रॅम बरोबर भरतात आणि शोषण मात्र पडलेलं असतं. कॅप्सूल उघडून दाणे कुटायचेही नाहीत, त्यानं थर मोडतो.

पातळ औषधात १ मिलीत १० मिग्रॅ इट्राकोनॅझोल असतं, आणि ते हायड्रॉक्सिप्रोपिल-बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनच्या पोकळीत आधीच विरघळलेलं असतं. इथे विरघळवण्यासाठी आम्लाची गरज उरत नाही. उपाशीपोटी ते लवकर आतड्यात उतरतं आणि जेवणासोबतच्या तुलनेत सुमारे ३० टक्के जास्त शोषलं जातं. पॅन्टोप्राझोलच्याच गटातल्या ओमेप्राझोलचाही त्यावर म्हणण्याजोगा परिणाम होत नाही. मात्र २०० मिग्रॅसाठी २० मिली घ्यावं लागतं आणि त्यात ८ ग्रॅम सायक्लोडेक्स्ट्रिन पोटात जातं. ते शोषलं जात नाही, आतड्यात पाणी ओढतं, म्हणून जुलाब होतात.

मूळ सुपर-बायोअव्हेलेबल तंत्रात औषध हायप्रोमेलोज थॅलेट या पॉलिमरमध्ये विखुरलेलं असतं. हा पॉलिमर आम्लात बंद राहतो आणि पीएच ५.५ च्या आसपास उघडतो, म्हणजे औषध थेट लहान आतड्यात सुटतं. अमेरिकेत २०१८ साली मंजूर झालेली ६५ मिग्रॅची कॅप्सूल साध्या १०० ला समतुल्य धरतात. ऑस्ट्रेलियातली याच तंत्राची कॅप्सूल ५० मिग्रॅची आहे आणि तीही साध्या १०० च्या जागी दिली जाते. म्हणून आपल्या फळीवर ५०-१०० आणि ६५-१३० अशा दोन जोड्या दिसतात.

आता धोका कुठे आहे ते बघा. एसबी १०० ही पहिल्या जोडीतली आहे, म्हणजे साध्या २०० च्या जागची. 'इट्रा १००' लिहिलेल्या चिठ्ठीवर ती दिली तर डोस दुप्पट झाला. उलट, एसबी १०० लिहिलेलं असताना साधी १०० दिली तर निम्मा. पेशंट विचारतो तो ६५ बद्दल, पण चूक होते ती १०० वर. शिवाय 'एसबी' ही तीन अक्षरं छापली म्हणजे आतलं तंत्र तेच असेल असं नाही. माहितीपत्रकात 'साध्या कॅप्सूलच्या किती मिग्रॅला समतुल्य' हे स्पष्ट छापलेलं नसेल, तर त्या डब्यानं अदलाबदल करू नका.

त्वचाचिकित्सा

विद्राव्य यांनी पाया घातलाच आहे, मी पॅन्टोप्राझोलकडे वळतो. माझ्या मते या चिठ्ठीतली मोठी चूक तिथे आहे.

ओमेप्राझोल ४० सोबत साधी इट्राकोनॅझोल कॅप्सूल दिली की रक्तातली एकूण मात्रा सुमारे ६४ टक्क्यांनी घटते आणि शिखरपातळी ६६ टक्क्यांनी. म्हणजे २०० लिहिलं तरी पोचतं ७०-७५ मिग्रॅच्या तोडीचं. सकाळ-रात्र अशी फोड करून हे सुटत नाही. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल ही औषधं जठरातल्या आम्लपंपाला कायमची चिकटतात, नवे पंप तयार होईपर्यंत आम्ल परत येत नाही. गोळी रक्तातून दोन-तीन तासांत जाते, परिणाम दिवसभर आणि पुढेही टिकतो. बंद केल्यावर आम्ल पूर्ववत व्हायला ३ ते ५ दिवस धरा. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या पातळ अँटासिडचं तसं नाही. ते असलेलं आम्ल तेवढ्यापुरतं मारतं, म्हणून कॅप्सूलच्या आधी आणि नंतर निदान २ तासांचं अंतर ठेवलं की पुरतं. रॅनिटिडिन, फॅमोटिडिन हे पॅन्टोप्राझोल आणि अँटासिड यांच्या मधले, पण साध्या कॅप्सूलसोबत तेही टाळावेत.

एसबीत चित्र उलटं दिसतं. ओमेप्राझोलसोबत तिची एकूण मात्रा साधारण २२ टक्क्यांनी आणि शिखरपातळी ३१ टक्क्यांनी वाढलेली आढळली आहे, कारण पॉलिमरला कमी आम्ल सोयीचंच असतं. त्यामुळे पॅन्टोप्राझोल खरोखर हवं असेल (जुना अल्सर, ॲस्पिरिनसोबत संरक्षण) तर एसबी निवडावी. पण नायट्याच्या चिठ्ठीवर ते बहुतेक वेळा केवळ सवयीनं लिहिलेलं असतं. तिथे ते काढून टाकणं हाच सर्वांत स्वस्त उपाय आहे.

पॅन्टोप्राझोल चालू आहे म्हणून साधी २०० ची ४०० करणं मात्र चुकीचं. घट प्रत्येकात वेगळी असते, आणि पेशंटनं मध्येच ॲसिडिटीची गोळी सोडली की पातळी एकदम उसळते.

डॉम्पेरिडोनबद्दल मुद्दाम लिहितो, कारण त्या एकत्र कॅप्सूलकडे कोणी संशयानं बघत नाही. इट्राकोनॅझोल यकृतातलं सीवायपी३ए४ हे औषधं फोडणारं एन्झाइम रोखतं. डॉम्पेरिडोन त्याच वाटेनं बाहेर पडतं. त्याची पातळी चढते, क्यूटी (ईसीजीतलं एक अंतर) लांबतो आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ही जोडी निषिद्ध आहे. म्हणजे त्या एकाच कॅप्सूलमधलं एक औषध इट्राकोनॅझोल खाली ओढतं आणि दुसरं त्याच्यामुळे वर चढतं. एसबीवर गेलात तर पहिली अडचण सुटते, दुसरी वाढते.

जेवणाबद्दल. साध्या कॅप्सूलसाठी 'जेवणानंतर' म्हणजे पूर्ण जेवण, चहा-बिस्किट नव्हे. भाजी-पोळी, वरण-भात, थोडं तेल-तूप पोटात गेल्यावर लगेच. उपवासाच्या दिवशी लोक औषध चुकवतात किंवा केळ्यावर घेतात. दाण्याचं कूट घातलेली साबुदाणा खिचडी हे त्या दृष्टीनं चांगलं भरभक्कम जेवण आहे, तिच्यावर घ्या म्हणावं. रोजे असतील तर इफ्तारनंतरच्या जेवणावर. साध्या कॅप्सूलमध्ये दिवसाला २०० पेक्षा जास्त द्यायचं असेल तर दोन वेळांत विभागा.

आणखी एक. ट्रायकोफायटन इंडोटिने या बुरशीमुळे टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला दाद न देणारा नायटा वाढला आहे, त्यामुळे इट्राकोनॅझोलनं फरक पडला नाही की लगेच 'रेझिस्टन्स' म्हटलं जातं. त्याआधी तीन गोष्टी विचारा: कोणत्या कंपनीची कोणती कॅप्सूल, कशावर घेतली, आणि ॲसिडिटीचं काय चालू आहे. त्यातही घरच्या डब्यातली, चिठ्ठीत नसलेली गोळी धरून.

औषधपेटी

डॉम्पेरिडोनचं लक्षातच आलं नव्हतं, आभार. दोन उपप्रश्न. साधीच कॅप्सूल उपलब्ध आहे आणि पॅन्टोप्राझोल थांबवता येत नाही, तेव्हा कोलासोबत घ्यायला सांगतात. त्याऐवजी ताक किंवा लिंबूपाणी चालेल का? पुष्कळांना मधुमेह असतो, म्हणून विचारतो. आणि रक्तातली पातळी मोजायची कधी?

रक्तपातळी

कोलाचं गणित पीएचवर आहे. साध्या, साखर असलेल्या कोलाचा पीएच सुमारे २.५. पीकेए ३.७ धरला तर तिथे इट्राकोनॅझोलचा ९४ टक्के भाग आयनीभूत, म्हणजे विरघळायला तयार. ताकाचा पीएच ४ ते ४.५. साडेचारला हाच भाग १४ टक्क्यांवर येतो. ताक जिभेला आंबट लागतं, पण या कामाला पुरेसं आम्ल नाही. लिंबूपाणी पीएचनं जवळ जाऊ शकतं, पण लिंबू किती आणि पाणी किती हे घराघरात बदलतं, डोस त्यावर टांगता येत नाही. कोलावर प्रत्यक्ष मोजमापं झाली आहेत आणि शोषण सुधारल्याचं दिसलं आहे. पण ४ आठवडे रोज साखरेचा कोला मधुमेह्याला देणं बरोबर नाही. त्यांच्यासाठी एसबी.

पातळी मोजण्याबद्दल: साध्या नायट्यात गरज नाही. औषध त्वचेच्या केराटिनमध्ये साठतं आणि बंद केल्यावरही २ ते ४ आठवडे तिथे राहतं, रक्तातला आकडा तिथे फारसं काही सांगत नाही. हिस्टोप्लाझ्मोसिस, फुप्फुसातला जुना ॲस्परजिलोसिस, स्पोरोट्रायकोसिसचे पसरलेले प्रकार, अशा बुरशीच्या गंभीर आजारांत मात्र मोजलीच पाहिजे.

नियमित डोसवर पातळी स्थिरावायला सुमारे १५ दिवस लागतात. गंभीर आजारात पहिले ३ दिवस २०० मिग्रॅ दिवसातून ३ वेळा देतात ते हा वेळ वाचवण्यासाठी. पुढच्या डोसच्या आधी नमुना घ्या. नळी साधी हवी, जेलवाल्या नळीत औषध जेलमध्ये मुरण्याची भीती असते. एचपीएलसी किंवा मास स्पेक्ट्रोमेट्री या औषध वेगळं करून मोजणाऱ्या पद्धतींनी मोजलेलं इट्राकोनॅझोल उपचारासाठी १ मिग्रॅ प्रति लिटरच्या वर हवं, प्रतिबंधासाठी ०.५ च्या वर. ४ च्या पुढे विषबाधेची शक्यता वाढते. अहवालात हायड्रॉक्सी-इट्राकोनॅझोल (शरीरात मूळ औषधापासून बनणारं रूप) वेगळं दिलेलं असतं आणि बहुधा मूळ औषधापेक्षा जास्त असतं. तेही बुरशीवर काम करतं, पण वर दिलेल्या मर्यादा मूळ औषधाच्या आहेत, दोन्हींची बेरीज करून त्यांच्याशी ताडू नका. बायोअसेचा (बुरशीची वाढ किती रोखली जाते त्यावरून मोजण्याचा) आकडा दोन्ही मिळून येतो, कित्येक पटींनी मोठा असतो आणि त्याच्या मर्यादाही वेगळ्या.

साध्यावरून एसबीवर किंवा एका कंपनीवरून दुसरीवर गेलात तर २ आठवड्यांनी पुन्हा मोजा. जास्त पोचणं नेहमी चांगलंच असतं असं नाही. पायावर सूज, रक्तदाब वाढणं, पोटॅशियम उतरणं, धाप लागणं या खुणा बघा. हृदय कमकुवत असेल तर नायट्यासाठी हे औषध कोणत्याच रूपात देऊ नये. कोलेस्टेरॉलसाठीचं सिमव्हास्टॅटिन चालू असेल तर ते थांबवलंच पाहिजे. इट्राकोनॅझोल बंद केल्यावरही ते रक्तातून जायला ७ ते १४ दिवस लागतात, तोवर ही काळजी संपत नाही.

एक गैरसमज आधीच दूर करतो. टीबीसाठी रिफाम्पिसिन चालू आहे म्हणून एसबी द्या, असा सल्ला वाचण्यात येतो. औषधाचं रूप शोषण सुधारतं. रिफाम्पिसिन शोषलेलं इट्राकोनॅझोल आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात फोडून टाकतं. तिथे कॅप्सूल, एसबी, पातळ औषध सगळी सारखीच हरतात. रिफाम्पिसिन बंद झाल्यावरही सुमारे २ आठवडे हा परिणाम राहतो. फेनिटॉइन आणि कार्बामॅझेपिन या फिट्सवरच्या औषधांचंही तेच.

नाककानघसा

पोसाकोनॅझोलवर मी लिहितो. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या (काळ्या बुरशीच्या) लाटेत महाराष्ट्रात हे औषध गावोगावी पोचलं, आणि त्याबरोबर रूपांचा गोंधळही.

पातळ औषध १ मिलीत ४० मिग्रॅ. उपचाराचा डोस ४०० मिग्रॅ म्हणजे १० मिली, दिवसातून दोनदा, जेवणासोबत. जेवण जात नसेल तर २०० मिग्रॅ म्हणजे ५ मिली, दिवसातून ४ वेळा. उशिरा, आतड्यात सुटणारी गोळी १०० मिग्रॅची. पहिल्या दिवशी ३०० मिग्रॅ दोनदा, नंतर ३०० मिग्रॅ रोज एकदा. हे दोन डोस एकमेकांच्या जागी बसत नाहीत. गोळीचा '३०० रोज एकदा' पातळ औषधाला लावला तर साडेसात मिली जाईल आणि पातळी तळाला राहील. पातळ औषधाचा '२०० चार वेळा' गोळ्यांना लावला तर दिवसाला ८ गोळ्या होतील. याच चुकीबद्दल अमेरिकेच्या औषध नियामकानं जानेवारी २०१६ मध्ये इशारा दिला होता. चिठ्ठीवर मिलिग्रॅमच्या आधी 'गोळी' किंवा 'सस्पेन्शन' लिहिलेलं नसेल तर फोन केल्याशिवाय देऊ नका.

फरक का पडतो? इट्राकोनॅझोलचं पातळ औषध हे खरं द्रावण आहे. पोसाकोनॅझोलचं हे सस्पेन्शन, म्हणजे न विरघळलेले कण पाण्यात तरंगत असतात. म्हणून दोन्ही 'सिरप' म्हणून एकाच नियमात बसवू नका, यांचा जेवणाचा नियम नेमका उलटा आहे. सस्पेन्शन तुपकट जेवणासोबत घेतलं तर उपाशीपोटीच्या तुलनेत सुमारे ४ पट शोषलं जातं. शिवाय एका वेळी शोषण्याला मर्यादा आहे: उपाशीपोटी ८०० एकदम घेण्यापेक्षा २०० चार वेळा घेतलं तर रक्तात जवळपास तिप्पट पोचतं. दिवसाला ८०० च्या वर वाढवून काही हाती लागत नाही. एसोमेप्राझोलनं एकूण मात्रा ३२ टक्के घटते, उलटीवरच्या मेटोक्लोप्रामाइडनंही थोडी घटते. बाटली हलवायला विसरलं की सुरुवातीचे डोस पातळ आणि शेवटचे दाट.

गोळीत औषध हायप्रोमेलोज ॲसिटेट सक्सिनेटमध्ये वितळवून विखुरलेलं असतं आणि ते आतड्यात सुटतं. आम्लाच्या औषधांनी फरक पडत नाही. जेवणानं शोषण आणखी वाढतं, म्हणून जेवणासोबतच द्यावी. पण गोळी तोडायची, चावायची, कुटायची नाही.

म्युकरमध्ये खरी पंचाईत इथेच होते. वरचा जबडा काढलेला असतो, नाकातून राइल्स ट्यूब असते, आणि वॉर्डात गोळ्या कुटून ट्यूबमधून ढकलल्या जातात. पॉलिमरचं कवच फुटलं की औषध जठरातच सुटतं आणि आतड्यात त्याचा साका बसतो. सस्पेन्शन ट्यूबमधून जातं, पण पातळी तोंडानं घेतल्यापेक्षा कमी येते. ते द्यायचंच असेल तर २४० मिलीच्या आसपास स्निग्ध पोषक द्रव सोबत द्या आणि पातळी मोजा. आजार सक्रिय असताना शिरेतून पोसाकोनॅझोल हा जास्त भरवशाचा मार्ग. शिरेतून घेताना मूत्रपिंड तपासा, कारण त्यातही सायक्लोडेक्स्ट्रिन असतं.

नमुना पाचव्या ते सातव्या दिवशी, पुढच्या डोसच्या आधी. उपचारासाठी १ मिग्रॅ प्रति लिटरच्या वर, प्रतिबंधासाठी ०.७ च्या वर. सस्पेन्शनवरून गोळीवर गेल्यावर पातळी बरीच चढते. तेव्हा रक्तदाब आणि पोटॅशियमवर लक्ष ठेवा, कारण आधी दिलेल्या ॲम्फोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधानं पोटॅशियम खाली आलेलंच असतं.

औषधपेटी

बुरशीवरच्याच फ्लुकोनॅझोललाही असं काही आहे का?

विद्राव्य

नाही. ते पाण्यात पुरेसं विरघळतं, ९० टक्क्यांहून जास्त शोषलं जातं, आणि जेवण-आम्ल कशाचाच फरक पडत नाही. कॅप्सूल, गोळी, पातळ औषध मिलिग्रॅमला मिलिग्रॅम बदलता येतं. याच गटातलं वोरिकोनॅझोल मात्र जेवणाच्या एक तास आधी किंवा एक तास नंतर, कारण तुपकट जेवणानं त्याचं शोषण घटतं. इट्राकोनॅझोलच्या सवयीनं 'जेवणावर घ्या' असं सांगून मोकळे होऊ नका.

तुमच्या मूळ चिठ्ठीसाठी काउंटरवर करण्यासारखं: डॉक्टरांना फोन करून साधी की एसबी हे विचारून घ्या आणि त्याच फोनवर डॉम्पेरिडोनचं सांगा. साधी ठरली तर पाकिटावर 'दुपारच्या किंवा रात्रीच्या पूर्ण जेवणानंतर लगेच, ॲसिडिटीचं औषध विचारल्याशिवाय नाही' असं लिहा. एसबी ठरली तर 'जेवणासोबत, १३० ची एक, हीच २०० ची जागा घेते, दोन घेऊ नका'. पेशंट पुढच्या आठवड्यात दुसऱ्या दुकानात जाणारच, म्हणून रिकामी स्ट्रिप जपून तीच दाखवायला सांगा.